चोवीस तासांचं इन्सुलिन छोट्या मुलीला रात्री द्यावं की सकाळी?

«माझी मुलगी अडीच वर्षांची, वजन १२ किलो. पाच महिन्यांपूर्वी टाइप वन मधुमेह निघाला, तेव्हा आयसीयूत ठेवावं लागलं होतं. आता जेवणाचं इन्सुलिन वेगळं आणि रात्री साडेनऊला चोवीस तासांचं इन्सुलिन, ग्लार्जिन, अडीच युनिट, अर्ध्या युनिटच्या पेनानं. माझे सासरे बरीच वर्षं हेच इन्सुलिन रात्री घेतात, म्हणून आम्हीही रात्रीचीच वेळ धरली. पण ती कधी आठलाच झोपते, कधी दहा वाजले तरी जागी असते. मिस्टर हिंजवडीला सेकंड शिफ्टला, घरी यायला बारा वाजतात. सासूबाई म्हणतात, झोपलेल्या लेकराला टोचू नको. मग ती पाण्यासाठी उठेल म्हणून वाट बघत बसते आणि कधीकधी अकरा होतात. या आठवड्यात पहाटे तीनला दोनदा शुगर लो झाली, ५८ आणि ६३. मला आता झोपच लागत नाही. डॉक्टरांची तारीख तीन आठवड्यांनी आहे. वेळ सकाळची करू का? आणि एखाद्या दिवशी द्यायचं राहिलंच तर काय? जूनपासून तिला प्लेग्रुपला घालायचं आहे, तिथं काय सांगू? – एक आई, धायरी»

ताई,

वेळेचं आपण सविस्तर बोलू, पण त्याआधी आजचं काम. आठवड्यात दोनदा पहाटे शुगर ७० च्या खाली गेली आहे, तेव्हा तीन आठवड्यांनंतरच्या तारखेची वाट बघायची नाही. आजच डॉक्टरांना फोन करा, आणि फोन लागला नाही तर ओपीडीच्या वेळेत सरळ जाऊन भेटा. त्यांना मुलीचं वजन, ग्लार्जिनचा डोस, तो त्या दोन रात्री नेमका किती वाजता दिला, ती काय जेवली, जेवणाचं इन्सुलिन किती आणि कधी दिलं, आणि तीनचे दोन्ही आकडे सांगा. कारण न सापडणारे लो परत परत आले की डॉक्टर बहुतेक वेळा डोस थोडा उतरवतात. तुमच्या मुलीच्या डोसात अर्धा युनिट म्हणजे पाचवा हिस्सा झाला, त्यामुळे तो फरक घरच्या घरी करू नका. «आज रात्री किती द्यायचं?» असं स्पष्ट विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

तोवर रात्री बारा आणि तीनचा गजर लावा. आकडा ७० च्या खाली दिसला तर तिच्या वजनाला साडेतीन-चार ग्रॅम ग्लुकोज पुरतं. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा साखर किंवा ग्लुकोज पावडर, थोड्या पाण्यात विरघळवून. तिला नीट जागं करा, मांडीवर बसवा, घोट घोट पाजा. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्ध पदार्थामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. १५ मिनिटांनी परत टोचून बघा, अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा द्या. आणि देव करो तशी वेळ न येवो, पण हाका मारून, हलवूनही ती जागी झाली नाही किंवा झटका आला, तर तोंडात थेंबभरही काही घालायचं नाही. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. ग्लुकागॉनचं (शुगर झटकन चढवणारं) इंजेक्शन घरात ठेवायचं का, ठेवलं तर किती द्यायचं, हेही आजच्याच फोनवर विचारून घ्या. लहान मूल असलेल्या प्रत्येक टाइप वनच्या घरात ते असावं, असं माझं ठाम मत आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न. माझं उत्तर हो, सकाळची वेळ तुमच्या मुलीला जास्त मानवेल असं मला वाटतं. अंतिम शब्द डॉक्टरांचा. पण मला तसं का वाटतं ते समजून घ्या, म्हणजे त्यांच्याशी बोलणं सोपं जाईल.

सासऱ्यांच्या आणि नातीच्या पेनावरचं नाव एकच असलं तरी दोघांच्या शरीराच्या रात्री वेगळ्या आहेत. मोठ्या माणसांत पहाटे काही हार्मोन वाढतात आणि न खाताही शुगर चढायला लागते. वयात येणाऱ्या मुलांत तर ती फारच चढते. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांत पुष्कळदा उलटं दिसतं. त्यांची इन्सुलिनची गरज रात्री नऊ ते बाराच्या सुमारास जास्त असते आणि तीनपासून उजाडेपर्यंत सगळ्यात कमी. आजोबांना पहाटे ज्या इन्सुलिनचा आधार होतो, तेच नातीला त्या वेळी जास्तीचं होऊ शकतं.

त्यात ग्लार्जिनचा स्वभाव बघा. पेनातलं पाण्यासारखं स्वच्छ द्रव आम्लधर्मी असतं, म्हणून टोचताना थोडं चुरचुरतं. कातडीखाली गेल्यावर त्याचे बारीक कण तयार होतात आणि माठातून पाणी झिरपावं तसं इन्सुलिन त्यातून हळूहळू रक्तात येत राहतं. (याच कारणानं ग्लार्जिन दुसऱ्या कुठल्याही इन्सुलिनमध्ये मिसळायचं नसतं.) सगळे त्याला चोवीस तासांचं सपाट इन्सुलिन म्हणतात. मोठ्या डोसात ते बऱ्यापैकी खरं आहे. लहान मुलांत मात्र पहिल्या काही तासांत त्याचा हलकासा उंचवटा दिसू शकतो, आणि डोस लहान असला की शेवटचे काही तास ते विरळ होत जातं. साडेनऊ-अकराला दिलं तर तो उंचवटा मध्यरात्रीनंतर येतो, म्हणजे तिची गरज उतरत असते नेमक्या त्याच वेळी. सकाळी साडेसातला दिलं तर उंचवटा दिवसा येतो. तेव्हा ती जागी असते, खात असते, चिडचिड करू लागली, हात थरथरले, घाम आला तर तुमच्या नजरेला पडते. आणि इन्सुलिन विरळ होण्याचे तास येतात पहाटे, जेव्हा तिला तसंही कमीच लागतं. छोट्या मुलांत बरेच बालमधुमेहतज्ज्ञ ग्लार्जिन सकाळी देणं पसंत करतात, ते रात्रीचे लो टाळण्यासाठीच.

याची दुसरी बाजूही आहे. काही मुलांत सकाळच्या डोसानं रात्री झोपताना किंवा सकाळी उठताना शुगर चढलेली दिसते. मग डॉक्टर रात्रीच्या जेवणाच्या इन्सुलिनमध्ये फरक करतात, काही वेळा चोवीस तासांचा डोस दोन वेळांत विभागतात, तर काही वेळा डेग्लुडेकसारखं इन्सुलिन सुचवतात. डेग्लुडेकचा असर ४२ तासांहून जास्त टिकतो आणि ते एक वर्षावरच्या मुलांना देता येतं. वेळ थोडी मागेपुढे झाली तर ते जास्त सांभाळून घेतं, पण डोस बदलल्याचा परिणाम पूर्ण दिसायला तीन-चार दिवस लागतात आणि ते महागही पडतं. तुम्हाला आत्ताच त्याची गरज आहे असं मी म्हणत नाही. हा पर्याय आहे एवढं माहीत असू द्या.

मात्र तीनच्या लोचा सगळा दोष ग्लार्जिनवर टाकण्याआधी दोन गोष्टी तपासा. रात्रीच्या जेवणाचं इन्सुलिन किती वाजता जातं? साडेआठ-नऊला ते दिलं आणि तिनं दोन घास वरणभात खाऊन ताट सरकवलं, तर उरलेलं इन्सुलिन मध्यरात्रीपर्यंत शुगर खेचत राहतं. या वयात किती खाल्लं जाईल याचा काही नेम नसतो, म्हणून काही डॉक्टर ते झटपट इन्सुलिन जेवण झाल्याबरोबर द्यायला सांगतात. तुमचं कुठलं आहे त्याप्रमाणे विचारून घ्या. दुसरं म्हणजे संध्याकाळचं खेळणं. सोसायटीच्या बागेत दोन तास पळापळ झाली, की थकलेले स्नायू रात्रभर रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणून तीन रात्री झोपताना, बाराला, तीनला आणि उठल्यावर असे चार आकडे लिहा, शेजारी जेवण आणि खेळ लिहा. जेवणाचं इन्सुलिन संपलेलं आहे, बारापर्यंत शुगर स्थिर आहे आणि नंतर ३० हून जास्त उतरते, असं दिसलं तर बोट ग्लार्जिनकडेच जातं. खर्च झेपणार असेल तर पंधरा दिवसांसाठी दंडाला सतत शुगर नोंदवणारा सेन्सर लावून बघण्याबद्दलही डॉक्टरांना विचारा. रात्रीची पूर्ण रेघ एकदा डोळ्यांनी दिसली की घरातले वाद निम्मे मिटतात.

वेळ कशी हलवायची, हे मात्र कृपा करून मनानं ठरवू नका. रात्री साडेनऊला पूर्ण डोस आणि लगेच सकाळी साडेसातला पुन्हा पूर्ण डोस, असं केलं तर दोन डोस एकावर एक चढतात आणि दिवसभर लोची टांगती तलवार राहते. रात्रीचा डोस गाळून थेट सकाळी दिलं तर मधले तास कोरडे जातात, शुगर चढते, कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साचणारी घातक आम्लं) तयार होऊ शकतात. म्हणून कुणी डॉक्टर रोज एक-दोन तासांनी वेळ सरकवायला सांगतात, कुणी बदलाच्या रात्री कमी डोस देऊन दुसऱ्या सकाळपासून नेहमीचा सुरू करतात, कुणी मधली फट जेवणाच्या इन्सुलिननं भरून काढतात. तुमच्या मुलीसाठी यातलं काय, हे तिचे आकडे हातात असलेला माणूसच सांगू शकतो. बदलाच्या त्या दोन-तीन दिवसांत शुगर जास्त वेळा बघायची तयारी ठेवा आणि ते दिवस शक्यतो मिस्टरांच्या सुटीला जोडून घ्या.

सकाळचे नक्की किती? जी वेळ रविवारीही पाळता येईल ती. साडेसात म्हणाल तर रविवारीही साडेसात, माहेरी गेलात तरी साडेसात, लग्नाच्या हॉलवरही साडेसात. अर्धा तास इकडेतिकडे झाल्यानं काही बिघडत नाही. तुमच्या पत्रावरून दिसतं की रात्रीच्या वेळेवर तुमचा ताबाच नाही. ती तिच्या झोपेवर, घरातल्या रागलोभावर आणि तुमच्या थकव्यावर ठरते. साडेनऊचं अकरा झालं की तो डोस दुसऱ्या दिवशी संपण्याच्या वेळाही घसरतात, आणि मग आकड्यांचा अर्थ डॉक्टरांनाही लावता येत नाही. गणपतीत मध्यवस्तीत देखावे बघायला गेलात, परतायला साडेअकरा झाले, तरी सकाळच्या डोसाला त्याचं काही नाही.

अंघोळ आणि डोस यांचा क्रमही ठरवून टाका. आपल्याकडे या वयाच्या मुलांना तेल चोळून कढत पाण्यानं न्हाऊ घालायची पद्धत आहे. सुई दिलेल्या जागी लगेच चोळलं, गरम पाणी ओतलं, तर इन्सुलिन लवकर शोषलं जाऊ शकतं. म्हणून आधी अंघोळ, अंग कोरडं, मग डोस. मांडीच्या बाहेरच्या बाजूला किंवा कुल्ल्याच्या वरच्या भागात, ४ मिलिमीटरच्या सुईनं, चिमटीत कातडी हलकी उचलून. रोज जागा थोडी बदला, नाहीतर तिथं गाठीसारखा मऊ उंचवटा येतो आणि त्या जागेतून इन्सुलिन कधी कमी, कधी जास्त उतरतं. आधी दोन युनिट हवेत सोडून सुई चालू आहे ना ते बघा. बटण पूर्ण दाबल्यावर दहापर्यंत मोजा, मगच सुई काढा. अडीच युनिट म्हणजे मिलिलिटरचा चाळिसावा भाग, साधारण अर्धा थेंब! सुईच्या टोकाला ओलसर मणी दिसला तर डोसाचा मोठा वाटा बाहेर गेलेला असतो. मोजणं मोठ्यानं करा, तीही थोड्या दिवसांत तुमच्याबरोबर मोजायला लागेल. «डावा पाय की उजवा?» हे रोज तिलाच विचारा. टोचायचं की नाही हा निर्णय तिचा नाही, पण पाय निवडायचा मान तिला द्या. या वयाला तेवढ्यानंही फार फरक पडतो.

सासूबाईंबद्दल मला मनापासून सांगावंसं वाटतं. त्यांना नातीची झोप मोडवत नाही, यात माया आहे. झोपेत टोचणं वैद्यकीयदृष्ट्या चूक नाही, कित्येक आईवडील ते करतात. पण सकाळची वेळ झाली तर हा वादच उरत नाही, आणि मी तर म्हणेन, डोस देताना सासूबाईंना मांडीवर नात घेऊन बसू द्या. हळूहळू त्यांनाही पेन हाताळायला शिकवा. आज या घरात इन्सुलिन देता येणारं माणूस एकच आहे असं दिसतं. तुम्हाला ताप आला तर?

राहून गेलं तर काय, याचं उत्तर. एक-दोन तासांनी आठवलं तर तेव्हाच द्या आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेवर या. त्याहून उशीर झाला तर देण्याआधी डॉक्टरांना फोन. भरपाई म्हणून दुप्पट कधीही नाही. सगळ्यात घोळ होतो तो «दिलं का नाही?» आठवत नाही तेव्हा. अशा वेळी परत देऊ नका. दर दोन-तीन तासांनी शुगर बघा, २५० च्या वर जात असेल तर कीटोन बघा, आणि डॉक्टरांना कळवा. हे टाळायला भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात डोस दिल्याबरोबर बरोबरची खूण करा, देणाऱ्याचं आद्याक्षर लिहा. खूण सुई काढल्यावर, आधी नाही. आणि दोन्ही पेनं एका डब्यात ठेवू नका. ग्लार्जिनऐवजी जेवणाचं इन्सुलिन अडीच युनिट गेलं, तर १२ किलोच्या मुलीला ते घातक ठरू शकतं. तसं झाल्याचं लक्षात आलं तर लगेच गोड पाजायला सुरुवात करा आणि दवाखाना गाठा.

एक गोष्ट मात्र मनात कोरून ठेवा. उलट्या होत आहेत, जुलाब आहेत, पोटात अन्न नाही, म्हणून चोवीस तासांचं इन्सुलिन बंद करायचं नाही. «खाल्लंच नाही तर इन्सुलिन कशाला?» असं घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, आणि ते ऐकून थांबलेली मुलं बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात येतात. जेवणाचं इन्सुलिन जेवणासाठी असतं. ग्लार्जिन असतं ते यकृत रात्रंदिवस जी साखर सोडतं तिच्यासाठी, आणि शरीरात कीटोन साचू नयेत यासाठी. आजारपणात डॉक्टर डोस कमी-जास्त करतील, शून्य करणार नाहीत. कीटोनच्या लघवीच्या पट्ट्या घरात आणून ठेवा. इतक्या लहान मुलांत कीटोन वाढायला फार तास लागत नाहीत, ते तर तुम्ही पाच महिन्यांपूर्वी पाहिलंच आहे. डोस द्यायच्या वेळी शुगर लो असेल तर आधी लो दुरुस्त करा, आणि मग डोस किती ते फोनवर विचारून द्या. तेव्हाही तो गाळायचा नाही.

पेन बिघडलं आणि अडीनडीला सिरिंज आणायची वेळ आली, तर दुकानात नीट बघून घ्या. आपल्याकडे लाल टोपणाची ४० ची आणि नारिंगी टोपणाची १०० ची (म्हणजे मिलिलिटरला तेवढी युनिट) अशा दोन सिरिंज मिळतात. अर्ध्या युनिटच्या पेनातलं ग्लार्जिन १०० चं असतं. ते ४० च्या सिरिंजमध्ये अडीचच्या खुणेपर्यंत भरलं, तर मुलीच्या अंगात सव्वासहा युनिट जातील.

उन्हाळा तोंडावर आहे. न उघडलेली पेनं फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, बर्फाच्या खणात किंवा त्याला चिकटून नकोत. चालू पेन घरातल्या थंड, अंधाऱ्या जागी २८ दिवस चालतं, पण एप्रिल-मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या खोल्या तिशीच्या बऱ्याच पुढे जातात, तेव्हा तेही फ्रिजमध्येच बरं. द्यायच्या थोडं आधी बाहेर काढा, म्हणजे कमी चुरचुरेल.

राहिला प्लेग्रुप. डोस सकाळी घरी दिलात तर तिथल्या ताईंवर ग्लार्जिनची जबाबदारीच येत नाही, आणि हे ऐकून त्यांनाही हायसं वाटेल. त्यांना एका कागदावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहून द्या: ही एकदम गप्प झाली, रडायला लागली, घामेजली, पाय लटपटले तर आधी डब्यातल्या पुडीतली साखर पाण्यातून पाजा, मग मला फोन करा. तिला एकटं सोडू नका, झोपायचं म्हणाली तरी झोपवू नका. खाली तुमचा, मिस्टरांचा आणि डॉक्टरांचा नंबर. पुड्या चमच्याच्या मापानं बांधून द्या, आणि जूनमध्ये पहिल्या आठवड्यात शाळा सुटेपर्यंत आवारातच थांबायची परवानगी मागून घ्या.